आजचा विसर्ग, उद्याची सांगली

जुलैच्या अखेरीस पश्चिम महाराष्ट्रातल्या वर्तमानपत्रांत एक बातमी ठरलेली असते. कोयनेचे सहाही वक्र दरवाजे दीड फुटांनी उचलले, पायथा वीजगृहातून २,१०० क्युसेक वेगळे, नदीकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा. सांगलीकर ही बातमी वाचतो आणि मनातल्या मनात आयर्विन पुलाच्या पट्टीवर फूट मोजू लागतो, कारण धरणातून सुटलेले पाणी त्याच्या दारात यायला साधारण एक दिवस लागतो हे त्याला पक्के ठाऊक असते. इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये ही पट्टी ५७ फुटांच्या पुढे गेली, आणि तेव्हापासून 'पाणी आधीच का सोडले नाही' हा प्रश्न दर पावसाळ्यात नव्याने विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र आपण कायम कुणाच्या तरी हलगर्जीपणात, नाहीतर शेजारच्या राज्याच्या धरणात शोधतो. माझ्या मते दोष त्याहून खोलवर, दरवाजे चालवण्याच्या पद्धतीतच आहे. जिथे हुकूम आणि परिणाम यांच्यात मोठा विलंब असतो आणि हुकमाची ताकद मर्यादित असते, तिथे समोर दिसणाऱ्या पातळीवरून निर्णय घेणारा माणूस कितीही दक्ष असला तरी उशिराच पोचतो. कोयना-कृष्णेचे खोरे ही अगदी अशीच व्यवस्था आहे आणि आपण ती अजून बहुतांशी समोरची पातळी पाहून चालवतो.

आधी विलंब पाहू. कोयनेचे पाणी कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते, तिथून वळणे घेत सांगलीला येते. सांगलीच्या थोडे खाली, हरिपूरला वारणा येऊन मिळते. तिच्यावर वरच्या अंगाला ३४.४० टीएमसीचे चांदोली धरण आहे. आणखी खाली नृसिंहवाडीला पंचगंगा. या प्रत्येक पाण्याचा प्रवासाचा वेळ वेगळा, आणि धरणांच्या खाली पडणाऱ्या पावसावर तर कुठलाच दरवाजा नाही. सांगलीत पाणी चढताना दिसते तेव्हा ते कालच्या निर्णयाचे पाणी असते. त्या क्षणी कोयनेचे दरवाजे पूर्ण मिटले तरी पुढचा दिवसभर वाटेतले पाणी येतच राहते. खाली वारणा किंवा पंचगंगा फुगलेली असली की कृष्णेच्या पाण्याला पुढे सरकायला उतार उरत नाही, ते तुंबते, आणि हा विलंबही बदलतो. पात्रात वाहणारे पाणी एका वेगाने येते. तेच काठ ओलांडून उसाच्या फडांत पसरले की पूर्ण वेगळ्या वेगाने येते आणि उतरायला तर दिवसच्या दिवस घेते. म्हणजे विलंब आहे, आणि तोही ठरलेल्या मापाचा नाही.

मर्यादेची बाजू बाहेरच्यांना कमी माहीत असते. कोयनेची पूर्ण क्षमता १०५.२५ टीएमसी. तिचे वक्र दरवाजे सांडव्याच्या उंबरठ्यावर बसवलेले आहेत आणि साठा सुमारे ७३ टीएमसीच्या वर गेल्याशिवाय पाणी त्या उंबरठ्याला टेकतच नाही. तोवर पूर्वेकडे नदीत सोडायला हाताशी असते ते मुख्यतः पायथा वीजगृहाचे २,१०० क्युसेक. पाणी उंबरठ्यावर जेमतेम दोन-चार फूट चढलेले असताना सगळे दरवाजे सताड उघडले तरी विसर्ग थोडाच निघतो. पाण्याची उंची वाढते तसा तो झपाट्याने वाढतो, सरळ पटीत वाढत नाही. याचा अर्थ असा की धरण निम्मे रिकामे असताना 'आताच सोडा' म्हणणे जवळजवळ निरर्थक असते आणि ते भरत आल्यावर 'आता आवरा' म्हणणे धरणाच्या सुरक्षेला धरून नसते. खऱ्या अर्थाने हातात असलेला पट्टा या दोहोंमधला, साधारण ३२ टीएमसीचा. पश्चिमेकडे, चिपळूणच्या बाजूला वीजनिर्मितीसाठी वळवल्या जाणाऱ्या पाण्याला कृष्णा लवादाची वार्षिक मर्यादा आहे आणि वाशिष्ठी नदीची स्वतःचीही मर्यादा आहे. ती किती लवकर गाठली जाते हे २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणने पाहिले. तिसरी मर्यादा खुद्द कृष्णेच्या पात्राची. दरवाजातून कितीही पाणी काढता आले तरी सांगलीच्या घरांत न शिरता पात्रातून किती जाईल, हा आकडा त्याहून लहान असतो.

या सगळ्याला एकाच मापात आणणारे एक गणित आहे आणि पूरचर्चेत भाग घेणाऱ्या प्रत्येकाने ते तोंडपाठ करावे असे मला वाटते. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, आणि दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणून दिवसभर अखंड ११,५७४ क्युसेक सोडले की एक टीएमसी पाणी जाते. आता २३ जुलै २०२१ च्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत महाबळेश्वरला पडलेला ५९४ मिलिमीटर पाऊस घ्या. कोयनेचे पाणलोट क्षेत्र सुमारे ८९२ चौरस किलोमीटर. समजा तेवढाच पाऊस सगळ्या पाणलोटावर पडला आणि सगळा वाहून आला, तर एका दिवसात जवळपास १९ टीएमसी पाणी होते, म्हणजे सरासरी दोन लाख क्युसेकहून जास्त आवक. प्रत्यक्षात पाऊस सगळीकडे सारखा नसतो, थोडा मुरतो, थोडा वाटेत रेंगाळतो. तरी आवकेची जात कळते. इतक्या आवकेसमोर दरवाजा दीड फुटावरून दोन फुटांवर नेणे ही कागदोपत्री हालचाल राहते. ऑगस्ट २०१९ च्या पहिल्या आठवड्यात नेमके हेच घडले: धरण भरत आले, आवक थांबेना, आणि विसर्ग लाख क्युसेकच्या पुढे न्यावा लागला, तोही खाली नद्या आधीच दुथडी भरून वाहत असताना. ज्यांनी तो निर्णय घेतला त्यांच्यापुढे त्या दिवशी दुसरा पर्याय नव्हता. पर्याय होता तो आधीच्या काही दिवसांत, आणि तेव्हा पातळी 'ठीक' दिसत होती.

ही अडचण आपल्यापुरती नाही. नियंत्रण अभियांत्रिकी हे शास्त्र गेली शंभर-दीडशे वर्षे तिच्याशी झगडत आहे आणि तिची किंमत अनेक ठिकाणी मोजली गेली आहे. ८ ऑगस्ट १९९३ ला स्टॉकहोमच्या जल महोत्सवात हजारो प्रेक्षकांसमोर स्वीडनचे नवे ग्रिपेन लढाऊ विमान कोसळले. वैमानिक बाहेर उडी घेऊन वाचला, जमिनीवरही सुदैवाने कुणी दगावले नाही. चौकशीत निघाले ते असे: वैमानिकाने नियंत्रणदांडा झटकन आणि जोराने हलवला, पंखांवरचे पृष्ठभाग ठरावीक वेगापेक्षा जास्त वेगाने वळू शकत नव्हते, ते आपल्या मर्यादेला जाऊन टेकले. हुकूम पुढे गेला, अंमल मागे राहिला. विमान आपले ऐकत नाही असे वाटून वैमानिकाने उलट बाजूला आणखी जोरात दांडा नेला, आणि त्याची प्रत्येक दुरुस्ती आधीच्या चुकीत भर घालत गेली. यंत्रात बिघाड नव्हता, माणूसही अडाणी नव्हता. मर्यादा गाठली की विलंब वाढतो आणि वाढलेल्या विलंबात जोराने केलेली दुरुस्ती आग विझवण्याऐवजी भडकवते, हा या अपघाताचा पाठ पुढे विमानांच्या संगणकप्रणालीत उतरवला गेला. धरण विमानासारखे सेकंदांत उलटत नाही, पण तर्क तोच आहे. सांगलीची पातळी पाहून विसर्ग कमी-जास्त करणारा आणि धरणाची पातळी पाहून दरवाजे उचलणारा, दोघेही कालच्या चित्राला आजचे उत्तर देत असतात.

यावरचा उपायही नवा नाही, आणि तो कुठल्या प्रयोगशाळेच्या कपाटात पडून राहिलेला नाही. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात फ्रान्समध्ये आणि अमेरिकेत तेलशुद्धीकरण कारखान्यांतल्या अभियंत्यांना हाच पेच पडला होता. झडप फिरवल्यावर परिणाम दिसायला वेळ लागतो, आणि झडप पूर्ण उघडल्यावर आणखी उघडत नाही. त्यांनी पद्धत बदलली. आत्ताची स्थिती, व्यवस्थेचे गणिती प्रतिरूप आणि पुढच्या काही तासांचा अंदाज घेऊन ते संगणकाला संपूर्ण वेळापत्रक आखायला लावू लागले, त्यात झडपेच्या मर्यादा आधीच घालून. मग त्या वेळापत्रकातले फक्त पहिले पाऊल टाकायचे, नवी माहिती आली की उरलेले वेळापत्रक फेकून देऊन पुन्हा आखायचे. आज जगभरचे मोठे रासायनिक कारखाने असे चालतात. धरणांना ही पद्धत लावली तर 'आज पातळी किती' हा प्रश्न मागे पडतो आणि 'पुढच्या पाच दिवसांत येणाऱ्या पाण्यासाठी आज किती जागा हवी' हा प्रश्न पुढे येतो. उद्या अंदाज बदलला तर उद्याचा विसर्ग बदलेल. आजच्या निर्णयाने कुणी पाच दिवसांसाठी बांधला जात नाही.

जागेचे मोल एका साध्या हिशेबाने दिसेल. धरणाची पातळी सांडव्याच्या बरीच वर आहे आणि नदी पात्रात आहे अशा वेळी पाच दिवस ४० हजार क्युसेक जास्तीचे सोडले तर जेवढी जागा होते, तेवढ्याच जागेत पुराच्या ऐन भरात चार दिवस ५० हजार क्युसेक अडवून धरता येतात. दोन्हीकडे आकडा सुमारे १७ टीएमसीच. पाणी एकूण तितकेच सांगलीवरून जाते, पण ४० हजार पात्रातून जातात आणि ५० हजार घरांतून गेले असते. पुराचा माथा किती फुटांनी उतरेल हे पात्राच्या रुंदीवर आणि खालच्या नद्यांवर अवलंबून राहील, पण तिथल्या दोन फुटांची किंमत वेगळी सांगायला नको. शहर पाण्याखाली जायला लागल्यावर प्रत्येक फुटाला किती गल्ल्या वाढतात हे सांगलीच्या महापालिकेकडे गल्लीवार नोंदलेले असते.

समोरची पातळी पाहून वागणारी यंत्रणा कशी दिसते याचा सर्वांत स्वच्छ नमुना कोल्हापूरकडे आहे. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. विश्वेश्वरय्यांनी १९०३ च्या सुमारास खडकवासल्यावर बसवलेल्या स्वयंचलित दरवाज्यांच्या परंपरेतले. पाणी ठरावीक उंचीला आले की दरवाजा आपोआप उघडतो, उतरले की मिटतो; प्रत्येकातून १,४२८ क्युसेक. वीज लागत नाही, माणूस लागत नाही, भर मध्यरात्री वादळातही तो आपले काम चोख करतो. धरण फुटू द्यायचे नाही हे त्याचे काम, आणि त्या कामासाठी शंभर वर्षांपूर्वीच्या अभियंत्यांना नमस्कार करावा. पण दरवाजाला पंचगंगेची पातळी कळत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फुटांच्या धोका पातळीच्या वर असले, शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली असला, तरी उंबरठा भरला की तो उघडणारच. कोल्हापुरात मग 'पाचवा दरवाजा उघडला, सहावा उघडला' असे मोजत लोक रात्र काढतात. ज्या धरणांवर माणूस आणि मोटार दोन्ही आहेत, तिथेही आपण अनेकदा या स्वयंचलित दरवाजाइतकेच पुढचे पाहतो. फरक एवढाच की तिथे उघडण्याआधी भोंगा वाजतो.

पहिला आणि वजनदार आक्षेप असा की पावसाचा अंदाज चुकतो, मग त्यावर पाणी कसे सोडायचे? सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर कुठे २०० मिलिमीटर पडेल आणि कुठे ५००, हे चार दिवस आधी सांगता येत नाही, हे खरेच आहे. पण घाटात जोराचा पाऊस येणार आहे हे बहुतेक वेळा तीन-चार दिवस आधी कळते, कारण बंगालच्या उपसागरातली कमी दाबाची क्षेत्रे पश्चिमेकडे सरकताना दिसतात आणि किनाऱ्यालगतचा कमी दाबाचा पट्टाही. अंदाजाच्या आकड्यात चूक असते म्हणून तो वापरायचा नाही, तर आपण 'काहीच येणार नाही' हा अंदाज वापरतो आहोत, आणि तो त्याहून जास्त वेळा चुकतो. आजची पातळी पाहून आजचा विसर्ग ठरवणाऱ्याच्या मनात उद्याचा एक अंदाज असतोच, फक्त तो लिहिलेला नसतो. वर सांगितलेल्या पद्धतीत अंदाजाच्या चुकीचा हिशेब आधीच धरता येतो: दहा-वीस वेगवेगळ्या शक्यता घ्यायच्या आणि त्यांतल्या सर्वांत कोरड्या शक्यतेतही परत भरून निघेल एवढेच पाणी आज सोडायचे.

ही कल्पना कागदी नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मेंडोसिनो जलाशयात डिसेंबर २०१२ च्या पावसानंतर जुन्या नियमाप्रमाणे पूरजागा राखण्यासाठी पाणी सोडले गेले. पुढचे वर्ष कोरडे गेले आणि लोक ओरडले. त्यानंतर हवामानशास्त्रज्ञ आणि धरण चालवणारे लष्करी अभियंते एकत्र बसले आणि अंदाजावर आधारलेले नियम चाचणीला लागले. २०२० च्या कोरड्या हंगामात या नियमांनी सुमारे ११ हजार एकर-फूट, म्हणजे जुन्या नियमाच्या तुलनेत १९ टक्के जास्त पाणी वाचवले, पूरसुरक्षा न सोडता. तिथला पाऊस आपल्यापेक्षा अंदाजाला सोपा आहे हे मान्य. समुद्रावरून येणारे त्यांचे ओले पट्टे लांबून दिसतात. पण या उदाहरणातला उलटा धडा मला महत्त्वाचा वाटतो. अंदाज वापरणे म्हणजे धरण रिकामे करणे, हा आपल्याकडचा समज तिथे खोटा ठरला. अंदाजाने पाणी वाचलेही.

दुसरा आक्षेप यातूनच निघतो आणि तो जास्त भावनिक आहे: पाणी सोडले आणि पाऊस दडी मारून बसला तर? दुष्काळी तालुक्यांकडे बघत जगणाऱ्या राज्यात हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही. ऑगस्ट २०२३ हा १९०१ पासूनच्या नोंदींतला देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. त्या वर्षी जुलैअखेर कुणी उत्साहाने १५ टीएमसी सोडले असते तर त्याला जाब विचारला गेला असता आणि तो योग्यच असता. पण पुढची पायरी बघा. आगाऊ विसर्गाची गरज धरण भरलेले असताना आणि मोठा पाऊस दारात असताना पडते. साठा कमी असेल तर जागा आपसूकच आहे, मग सोडायचे कशासाठी? नियम पातळी आणि अंदाज दोन्हींना बांधला की कोरड्या वर्षात तो स्वतःहून गप्प बसतो. आज आपले परिचालन आराखडे बरेचसे तारखेला बांधलेले असतात: अमुक पंधरवड्याला अमुक पातळी. तारखेला पाऊस ठाऊक नसतो. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात ८५ टक्के साठा कुठल्या वर्षी वरदान असतो आणि कुठल्या वर्षी धोका, हे दिनदर्शिका सांगू शकत नाही.

तिसरा आक्षेप माझ्या मते सर्वांत प्रामाणिक आहे. २०१९ आणि २०२१ चा पाऊस इतका प्रचंड होता की कितीही शहाणपण केले तरी पूर आलाच असता, असे अनेक अभियंते म्हणतात. त्यात बरेच तथ्य आहे. २०१९ च्या जुलैअखेरीपर्यंत कोयनेत बरीच रिकामी जागा होती आणि धरणाने ती वापरून कितीतरी पाणी अडवलेही. पाणी सांडव्याच्या उंबरठ्याला टेकल्यापासून धरण भरेपर्यंतचे दिवस हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. शिवाय कोयना ही मूळ विजेसाठी बांधली, पुरासाठी वेगळी राखीव जागा ठेवून बांधलेले ते धरण नाही. म्हणून जो कुणी 'योग्य नियोजन असते तर पूर आलाच नसता' असे छातीठोकपणे सांगतो, त्याच्यावर विश्वास ठेवू नये. इथे प्रश्न माथा किती उतरतो आणि सावध व्हायला किती तास मिळतात याचा आहे. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला लोक पाणी चहूबाजूंनी वेढल्यावर बोटीत बसले आणि बोट उलटली. त्या गावाला पुढच्या दोन दिवसांचा विसर्ग आणि पातळी पट्ट्यासकट, म्हणजे 'किमान इतकी, कमाल इतकी' अशी, आधी कळली असती तर माणसे पायी, ट्रॅक्टरने, कोरड्या रस्त्याने बाहेर पडू शकली असती. आज सोडलेल्या विसर्गाचा आकडा रोज जाहीर होतो. उद्या आणि परवा सोडण्याचा विचार असलेला आकडा जाहीर व्हायला हवा, कारण विलंबाच्या या व्यवस्थेत तोच आकडा लोकांच्या उपयोगाचा.

कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा विषय टाळून हा लेख पूर्ण होणार नाही, म्हणून थोडक्यात. २०१९ नंतर नेमलेल्या वडनेरे समितीने पुराचे खापर अलमट्टीवर फोडले नाही. अतिवृष्टी आणि नदीपात्रातली अतिक्रमणे यांच्याकडे तिने बोट दाखवले. अलमट्टीची उंची ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ मीटर करण्याला आपला विरोध आहे आणि तो लवादाच्या व न्यायालयाच्या मार्गाने लढला जावा. पण तो वाद एकीकडे आणि कोयना, चांदोली, राधानगरी, हिप्परगी, अलमट्टी ही साखळी एकत्र चालवणे दुसरीकडे. विलंबाची साखळी कुठल्याही एका दुव्यावर तुटते. वरच्याने जागा केली आणि खालच्याने ती वेळेवर पुढे सरकवली नाही, तर जागा करण्याचा फायदा निम्मा होतो. दोन्ही राज्यांचे अभियंते पावसाळ्यात रोज एकमेकांशी बोलतात. त्या बोलण्याला एकाच प्रतिरूपाचा आणि एकाच अंदाजाचा आधार मिळाला तर तू-तू मैं-मैंला जागा कमी उरेल.

यंत्रणा आपल्याकडे नाही असेही नाही. जागतिक बँकेच्या साहाय्याने चाललेल्या जलविज्ञान प्रकल्पातून कृष्णा आणि भीमा खोऱ्यांसाठी पर्जन्यमापक, पातळीमापक आणि संगणकीय प्रतिरूपांची जोडणी झाली. पाऊस पडताक्षणी आकडा पुण्यात पोचावा आणि पुढचा प्रवाह मांडला जावा हा तिचा हेतू. अडचण संगणकात नाही, खुर्चीत आहे. कार्यकारी अभियंत्याने अंदाजावर विसर्ग वाढवला आणि पाऊस हुलकावणी देऊन गेला, तर सप्टेंबरमध्ये त्याची चौकशी लागते. त्याने वाट पाहिली आणि पूर आला, तर 'निसर्गापुढे इलाज नव्हता' हे उत्तर तयार असते. या तराजूत कुठले पारडे जड होणार हे सांगायला नको. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनजवळच्या वायव्हेनहो धरणावर २०११ च्या पुरानंतर हाच प्रश्न न्यायालयात गेला: अभियंत्यांनी पावसाचा अंदाज धरून आधीच पाणी सोडायला हवे होते का? २०१९ मध्ये खालच्या न्यायालयाने 'होय' म्हणत निष्काळजीपणाचा ठपका ठेवला. दोन प्रतिवादींनी ४४ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर देऊन तडजोड केली, तिसऱ्याने अपील केले आणि सप्टेंबर २०२१ मध्ये ते जिंकले. एकाच पुराविषयी, एकाच पुराव्यावर दोन न्यायालयांनी उलटसुलट निकाल दिले, यावरून मला एवढेच दिसते की अंदाज वापरायचा की नाही हा निर्णय कुणा अभियंत्याच्या धाडसावर सोडायचा नसतो; तो आधी नियमात लिहायचा असतो.

आपल्याकडे तो नियम कसा असावा? साठा अमुक टक्क्यांवर असेल आणि हवामान खात्याचा पाच दिवसांचा अंदाज अमुक पातळी ओलांडत असेल, तर विसर्ग वाढवणे बंधनकारक. त्याप्रमाणे वागलेल्या अधिकाऱ्यावर नंतर पाऊस न आल्याबद्दल कारवाई नाही. आणि न वागल्यास मात्र लेखी कारण. हा मजकूर जूनच्या आधी, पाऊस डोळ्यांसमोर नसताना, सर्वांना वाचता येईल असा छापून जाहीर झाला पाहिजे. आणि एक खर्च मनमोकळेपणाने मान्य केला पाहिजे. आगाऊ विसर्ग म्हणजे नदीकाठच्या शेतकऱ्याला पाण्यातली मोटार आणि पाइप दोन दिवस आधी वर ओढावे लागणार, सखल पूल आणि कोल्हापुरी बंधाऱ्यांवरची ये-जा बंद होणार, कधीकधी काठची पिके भिजणार, आणि त्यातल्या काही वेळा पूर येणारच नाही. त्या फसलेल्या इशाऱ्याची किंमत आज एकटा तो शेतकरी मोजतो, म्हणून 'पाणी सोडू नका' असा पहिला फोनही त्याचाच आमदाराकडे जातो. मोटार काढण्याच्या मजुरीपासून भिजलेल्या पिकापर्यंतची भरपाई पंचनाम्याच्या रांगेत न घालता, विसर्गाचा आदेश निघाला की ठरलेल्या दराने थेट खात्यात जमा करायची ठरवली, तर तो फोन निम्म्याने तरी कमी होईल, आणि धरणावरच्या अभियंत्याला सांगलीतल्या पट्टीआधी पाच दिवसांच्या अंदाजाकडे पाहायला सवड मिळेल.